टाइलमागची फळी : वाघबीळच्या एका बाथरूमच्या नोंदी

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025

ठाण्यात घोडबंदर रोड, वाघबीळ नाक्याजवळ सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. घरातल्या आजी 78 वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलला, सध्या पुनर्वसन केंद्रात आहेत. महिन्याच्या मध्यावर घरी आणायचंय. त्याआधी त्यांच्या खोलीतल्या बाथरूममध्ये धरायला बार बसवून हवेत. सूनबाईंच्या अटी दोनच : टाइल फोडायची नाही, आणि बार हातात यायला नको. दोन्ही रास्त.

बाथरूम साधारण पाच बाय आठ. मूळचं अरुंद होतं. मागच्या नूतनीकरणात बेडरूमकडची भिंत काढून दीड फूट पुढे सरकवली. सगळीकडे दोन बाय एकची पांढरट व्हिट्रिफाइड टाइल, त्यामुळे भिंती एकसारख्या दिसतात. मागे तसं काही नाही. कमोडच्या पाठीमागची, डक्टकडची भिंत सहा इंची ब्लॉकची. शॉवरकडची चार इंची, तीही ब्लॉकची. आणि कमोडवर बसलं की उजव्या हाताला येते ती सरकवलेली भिंत टिचकी मारली की पोकळ वाजते. नेमका तिथेच बार हवा.

आवाजावर सगळं सोडता येत नाही, धूळ बघावी लागते. नौपाडा-चरईच्या जुन्या इमारतींत वीट असते, बिटला लाल भुकटी येते. घोडबंदर रोडच्या टॉवरांत बहुतेक ठिकाणी एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा हलका काँक्रीट ब्लॉक. आपले मिस्त्री कुठल्याही कंपनीच्या ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात. त्याची धूळ पांढरट आणि बारीक, आणि बिट जोर न लावता आत जातं. अगदी नव्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. तिथे साधं ड्रिल रडतं. आज चाचणीची भोकं पाडली ती पलीकडच्या खोलीतल्या कपाटाच्या आत, टाइलला हात न लावता. पांढरी धूळ. ब्लॉक नक्की.

पोकळ भिंतीला बेडरूमकडून लोहचुंबक फिरवला. जिप्सम बोर्डाचे स्क्रू एका उभ्या रेषेत सापडत गेले : चोवीस इंचांवर एक चॅनेल, म्हणजे बोर्ड ज्यावर बसतो तो पत्र्याचा उभा खांब. टाइल लागणाऱ्या भिंतीला हे अंतर मला जास्त वाटतं, मी सोळावर घेतले असते. पण टाइलला कुठे तडा नाही, सांधे कोरडे आहेत. चालू दे.

या भिंतीवर टॉवेलची दांडी होती. आजी उठताना तीच धरायच्या, सूनबाई म्हणाल्या. मिस्त्रींनी एक स्क्रू अर्धा सैल केला आणि उरलेला बोटांनी ओढून काढला. दीड इंची स्क्रू, प्लास्टिकचा गट्टू, गट्टू आठ मिलिमीटरच्या सिमेंट बोर्डात. मागे हवा. आजी इतके दिवस टाइलच्या चिकटपणावर उठत होत्या.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन. ते न्यू जर्सीला असतात. तिकडे टाइल लावायच्या आधीच दोन उभ्या लाकडांच्या मध्ये जाड फळी ठोकून ठेवतात, त्याला ब्लॉकिंग म्हणतात, त्याचा फोटो पाठवला. कल्पना चोख आहे. फक्त त्यांच्या फोटोत भिंतीचा सांगाडा चांगल्या जाड लाकडाचा आहे आणि आपल्या भिंतीत अर्धा मिलिमीटर पत्र्याचे चॅनेल. नुसती फळी टाकून भागणार नाही.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

केंद्रात जाऊन आजींना भेटले. उंची चार फूट दहा इंच, बोलणं सहा फुटी. "अगं, ते हॉस्पिटलसारखं दिसायला नको हं. माझं न्हाणीघर आहे ते."

फिजिओनी नियम सांगितला : पुढचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही. म्हणजे ठेंगण्या कमोडवर बसणं बंद. घरचा कमोड साडेपंधरा इंच उंच आहे. त्यावर चार इंची उंचवटा बसवायचा. बैठक होईल साडेएकोणीस.

हा आकडा ठरला नसता तर बारची उंची ठरवताच आली नसती. अमेरिकेच्या एडीए (अपंगांच्या सोयींसाठीच्या) नियमांत कमोडशेजारचा आडवा बार जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर सांगितला आहे. सार्वजनिक जागेसाठी, सगळ्यांना चालेल अशी ती उंची. साडेएकोणीस इंच उंच खुर्चीवर आजींना बसवलं, भिंतीला चिकटपट्टी लावली आणि "उठताना हात कुठे जातो ते दाखवा" म्हटलं. हात 29 इंचांवर पडला, पुन्हा उठवलं तरी तिथेच. 34 वर धरून उठायला सांगितल्यावर खांदा कानाशी आला आणि फिजिओनीच थांबवलं.

म्हणून 29. पण फळी 24 पासून 40 इंचांपर्यंत घेणार. तीन-चार महिन्यांनी उंचवटा निघेल तेव्हा बार खाली आणावा लागेल, किंवा उद्या घरातलं दुसरं, उंच माणूस वापरेल. तेव्हा पुन्हा भिंत उघडायची वेळ येऊ नये. फळीला जागा फुकट आहे.

बुधवार, 5 नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा, मिस्त्रींची सुट्टी. कागदावर काम.

भार किती धरायचा? एडीएत बारला आणि त्याच्या बैठकीला (भिंतीवर स्क्रूने बसणाऱ्या चकतीला) 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो सोसलं पाहिजे असं आहे. आजींचं वजन याच्या निम्म्याहून कमी. पण घसरणारा माणूस बारला हळूच धरत नाही, हिसका देतो. 113 कायम.

भिंत जमिनीपासून स्लॅबपर्यंत 2.75 मीटर, बार 0.74 मीटरवर. तिथे 113 किलोने सरळ बाहेर ओढलं तर चॅनेलला वाकवणारा मोमेंट (भार गुणिले अंतर) येतो साधारण 60 किलोग्रॅम गुणिले मीटर. असले पातळ चॅनेल बोर्ड उभा धरायला असतात, लटकणारा माणूस नाही. 40 बाय 40 ची, दोन मिलिमीटर जाड लोखंडी चौकोनी नळी मात्र एकटीच जवळपास तेवढा मोमेंट घेते. तेव्हा ठरलं असं : चॅनेलच्या प्रत्येक खणात दोन उभ्या नळ्या, खालून वरून स्लॅबला पकडलेल्या. मागच्या अंगाने त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. पट्ट्यांच्या पुढे फळी. फॅब्रिकेटरला समजावं म्हणून याला शिडी म्हणायचं.

पट्ट्या मागच्या अंगालाच का, हे मिस्त्री उद्या नक्की विचारणार, म्हणून लिहून ठेवते. बार ओढला की फळी टाइलच्या दिशेने येऊ पाहते. फळी नुसती सिमेंट बोर्डाला मागून चिकटवली तर ती ओढ बोर्डावर जाते, आणि बोर्ड चॅनेलवरून सुटून टाइलसकट बाथरूममध्ये येऊ शकतो. फळीला मागून कोणीतरी धरून ठेवलं पाहिजे. ते काम पट्ट्यांचं. बाजारात पोकळ भिंतीसाठी छत्रीसारखे उघडणारे अँकर मिळतात, तेही शेवटी त्याच आठ मिलिमीटर बोर्डाला मागून धरतात. फोटोफ्रेमला ठीक. आजींना नाही.

पोकळीचा हिशेब : चॅनेल 50 मिलिमीटर. नळी पुढे टेकवली की तिची पाठ 40 वर, त्यावर पाच मिलिमीटरची पट्टी, एकूण 45. मागे पाच उरतात. फळी 18 मिलिमीटरच्या दोन थरांची, म्हणजे 36. पट्टी आणि फळीच्या मध्ये चार मिलिमीटर पॅकिंगला. बसतं.

भिंत उघडायची ती बेडरूमकडून. तिकडे जिप्सम आणि रंग आहे, एका दिवसात पूर्ववत होतं. टाइलकडून उघडली तर टाइल जाते, तिच्यामागचं वॉटरप्रूफिंग जातं, आणि त्या रंगाची टाइल आता मिळणार नाही.

कमोडच्या डाव्या हाताला भिंत नाही, मोकळी जागा आहे. तिथे मागच्या भिंतीवरून खाली पडणारा फोल्डिंग बार. 70 सेंटीमीटर लांब बारच्या टोकाला 100 किलो टेकले तर बैठकीत मोमेंट 70 किलोग्रॅम गुणिले मीटर. बैठकीचे वरचे-खालचे स्क्रू 20 सेंटीमीटर अंतरावर, म्हणजे वरच्या स्क्रूंवर 350 किलोची ओढ. एएसी ब्लॉकमध्ये हे मी करणार नाही, कोणी कितीही भारी अँकर दाखवला तरी. पाय असलेला फोल्डिंग बार घ्यायचा : खाली पाडला की त्याचा पाय लादीवर टेकतो. टेकतोच फक्त, लादीत भोक नाही. भार जमिनीवर, भिंतीला उरते ती किरकोळ ओढ. त्याच्या बैठकीला जाळीच्या स्लीव्हमधले केमिकल अँकर पुरतील.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

सोसायटीची ड्रिलची वेळ दहा ते एक आणि चार ते सहा. सेक्रेटरींना कालच पत्र दिलं होतं. साडेनऊपासूनच जिप्सम कापायला घेतला. त्याला आवाज नाही, सुरी पुरते. कोपऱ्यापासून चार फूट रुंद, जमिनीपासून वरपर्यंत पूर्ण पट्टा काढला. अर्धवट खिडकी पाडली असती तर शिडी आत जाणार नव्हती, आणि ठिगळ कायम दिसत राहतं.

आत दोन गोष्टी. चॅनेल वर स्लॅबपर्यंत गेलेले आहेत, फॉल्स सीलिंगपाशी थांबलेले नाहीत. हे चांगलं. दुसरी : हेल्थ फॉसेटची (कमोडशेजारच्या हातफवाऱ्याची) सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक पाइपची लाइन कोपऱ्यातून आडवी आली आहे, जमिनीपासून दीड फुटावर, फूटभर लांब. तिच्या एल्बोच्या सांध्यावर पांढरा खार साचलेला आणि खालच्या ट्रॅकवर गंजाचा डाग. थेंब असा नाही, पण खार आला म्हणजे पाणी झिरपतंय आणि सुकतंय.

सूनबाईंना बोलावून दाखवलं. खोलीच्या त्या कोपऱ्यात रंगाला पोपडे येतात ते याचंच. त्यांना वाटत होतं पुसताना पाणी लागतं म्हणून.

सगळ्या खणांचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत जमिनीपासून उभी धरलेली मेजपट्टी. भिंत बंद झाल्यावर हेच डोळे.

शुक्रवार, 7 नोव्हेंबर

प्लंबर म्हणाला एल्बो बदलतो. मी म्हटलं, लाइनच नको. आडवा पाइप नळीच्या वाटेत येतोय, आणि बोर्डाच्या भिंतीत पाण्याचा सांधा ठेवायचाच कशाला? फ्लश टँकचा अँगल कॉक मागच्या भिंतीवर आहे, तो काढून टू-वे अँगल कॉक लावला आणि हेल्थ फॉसेट त्यावर घेतला. होज मीटरभर लांब, पुरते. जुनी लाइन कोपऱ्यातच कापून एंड कॅप. टाइलमधल्या जुन्या भोकाला क्रोमचं डमी झाकण.

रात्रभर सांधा सुकू दिला. कॅपखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला, ओल असेल तर सकाळी कळेल.

शनिवार, 8 नोव्हेंबर

कागद कोरडा.

वागळे इस्टेटला फॅब्रिकेटरकडे. शिड्या दोन, कारण मधला चॅनेल कापायचा नाही. टाइल त्याच्यावर उभी आहे. बार दोन फुटी, त्याची एक बैठक एका खणात आणि दुसरी शेजारच्या खणात. कोपऱ्याकडची नळी कॅपला लागू नये म्हणून तीन इंच सोडून. खाली बेसप्लेट, वर लांबट भोकाची प्लेट म्हणजे स्लॅबचा कमी-जास्तपणा सांभाळता येईल. शिडी मापापेक्षा पंधरा मिलिमीटर आखूड, नाहीतर खोलीत उभीच करता येत नाही. आडव्या पट्ट्या 26, 32 आणि 38 इंचांवर. त्यांना स्क्रूची भोकं तिथेच पाडून घेतली. वेल्डिंगची काजळी घासून झिंक प्रायमरचे दोन हात. साधा रेड ऑक्साइड मारायला तो तयार होता. भिंत एकदा बंद झाली की परत कोण बघणार आहे, म्हणून झिंकच.

प्लायसाठी स्टेशनजवळच्या दुकानांत. "मरीन", म्हणजे पाण्यात टिकणारा, असं तोंडी सगळेच म्हणतात. फळीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 710 हा आकडा दिसला तरच ते मरीन. त्या मानकात प्लायचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात तपासतात. आयएस 303 लिहिलेली फळी सर्वसाधारण कामाची. एका दुकानात तीच मरीनच्या भावात पुढे केली. शिक्का दाखवून परत केली.

सोमवार, 10 नोव्हेंबर

मुख्य दिवस.

लिफ्टमध्ये शिड्या तिरप्या करूनही मावेनात, जिन्याने वर आणल्या. हमालांना चहा आणि जास्तीचे पैसे.

खालचे अँकर बेडरूमच्या बाजूने स्लॅबमध्ये. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग पलीकडे संपतं, तिकडे बिट जाऊ नये म्हणून बिट किती खोल जाऊ द्यायचं त्या खुणेची टेप ड्रिलला लावली. शिडी उभी केली, ओळंबा पाहिला, वरची प्लेट आवळली. मिस्त्रींनी नळीला धरून स्वतःला झोकून पाहिलं. हलली नाही.

मग फळ्या. दोन थर आधीच पीयूने (पॉलियुरेथेनच्या डिंकाने) चिकटवून, आतून स्क्रू मारून, कडांना प्रायमर लावून ठेवले होते. कापलेली कड उघडी ठेवली तर मरीन प्लायसुद्धा तिथूनच पाणी पितं.

इथे सर्वात जास्त वेळ गेला. फळी सिमेंट बोर्डाच्या पाठीला सगळीकडे टेकलीच पाहिजे. मध्ये तीन मिलिमीटर जरी फट राहिली तरी बारचे स्क्रू आवळताना बैठक टाइलला त्या फटीत दाबते आणि टाइल तडकते. लोक म्हणतात ड्रिलने तडकली; पुष्कळदा ती आवळताना तडकलेली असते. बोर्ड पूर्ण सपाट नव्हता, खालच्या बाजूला पोट होतं. म्हणून फळीच्या पुढच्या अंगाला पीयूच्या रेघा, न फुगणारा पीयू. फुगणारा फोम घातला तर तोच बोर्डाला पुढे ढकलतो. फळी बसवली, मागे पट्टी आणि फळीच्या मध्ये अॅल्युमिनियमचे पातळ तुकडे सारून घट्ट केली आणि मग पट्टीच्या भोकांतून 30 मिलिमीटरचे स्क्रू फळीत. पाच पट्टीत आणि पॅकिंगमध्ये चार गेले तरी 20 च्या वर लाकडात.

सुतारभाऊंना हे पटत नव्हतं. "मॅडम, एवढ्या फळीत दोन कपाटं झाली असती." झाली असती.

आवळताना एक जण बाथरूममध्ये टाइलवर हात ठेवून उभा. टाइल पुढे आली तर हाताला आधी कळतं.

शेवटी मधल्या चॅनेलला दोन्ही बाजूंच्या नळ्यांशी छोट्या क्लिपांनी बांधलं. गरज होती असं नाही, पण उघडी भिंत पुन्हा मिळत नाही.

मंगळवार, 11 नोव्हेंबर

शॉवरकडची भिंत. इथे उभा बार हवा, आत येताना आणि वळताना धरायला. भिंत चार इंची ब्लॉकची, पलीकडे दुसऱ्या खोलीचं कपाट.

एएसी ब्लॉकची दाबाची ताकद साधारण 3 ते 4 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आकडा कागदावर बरा दिसतो. पण एवढाच भार चौरस सेंटीमीटरवर धरला तर तीस-चाळीस किलो होतो, आणि आठ मिलिमीटर बोल्टच्या साध्या वॉशरखाली दीडेक चौरस सेंटीमीटरच जागा असते. जरा जास्त आवळलं की वॉशर खारी बिस्किटात बोट जावं तसा आत जातो. म्हणून इथे फळी भिंतीच्या पलीकडे : कपाटाच्या आत, प्लास्टरमध्ये खाच करून तीन मिलिमीटरची स्टीलची प्लेट, सहा बाय चार इंच, प्रत्येक बैठकीमागे एक. बोल्ट आरपार. भोकात इंजेक्शन मॉर्टर भरलं म्हणजे बोल्ट डुगडुगत नाही आणि ब्लॉक चिरडत नाही. प्लेटवर पुट्टी, कपाटाचा रंग.

ब्लॉकला ड्रिलचा हॅमर (ठोके) लावायचा नाही, हे हाताखालच्या पोराला बजावून सांगितलं. हॅमर लावला की बिट बाहेर पडताना मागचा अख्खा तुकडा उडवतं. नुसतं फिरवून जातं, थोडा धीर लागतो.

बुधवार, 12 नोव्हेंबर

जिप्सम बंद. सांध्यांना टेप, पुट्टीचा पहिला हात. पोपडे आलेला कोपरा खरवडून तिथे नवीन तुकडा.

शुक्रवार, 14 नोव्हेंबर

बार बसवले. स्टेनलेस 304, सव्वा इंच व्यासाचे, भिंतीपासून दीड इंच सुटे. याहून जास्त सुटे असले तर घसरताना हात किंवा कोपर मागे अडकायची भीती. आजींच्या सांगण्याला मान देऊन मॅट फिनिश. चकचकीत पॉलिशपेक्षा ओल्या हाताला पकडही बरी.

टाइलला डायमंड बिट, आठ मिलिमीटर. हॅमर बंद. मास्किंग टेप लावून बिट आधी तिरपं टेकवायचं, चंद्रकोरीएवढी खाच पडली की हळूहळू सरळ. पोरगा स्पंजने पाणी सोडत होता. व्हिट्रिफाइड आहे, घाई केली की बिट जळतं. टाइल पार झाली की थांबायचं, बिट बदलायचं, पुढे बोर्ड आणि फळीत लाकडाचं बारीक बिट. टाइलमधलं भोक स्क्रूपेक्षा मोठं असू द्यायचं; स्क्रूचा भार टाइलच्या कडेवर येता कामा नये, तो फळीवरच हवा.

स्क्रूची लांबी : बैठक चार, टाइल आणि गोंद तेरा, बोर्ड आठ, एकूण 25. पुढे 36 फळी. स्टेनलेसचा 65 मिलिमीटरचा स्क्रू घेतला, टोक फळीतून चारेक मिलिमीटर बाहेर येतं आणि पोकळीत राहतं, जिप्समला भिडत नाही. 75 चा घेतला असता तर बेडरूमच्या नव्या रंगावर उमटला असता.

फळी लागली की ते ड्रिलवाल्याला कळतंच. बिट पोकळीत गचकन जात नाही, एका लयीत चालत राहतं आणि लाकडाचा ओला वास येतो. मिस्त्री म्हणाले, "बसला बरोबर."

बैठकीभोवती सिलिकॉन, न्यूट्रल क्युअर, पण खालची कड मोकळी. पुढेमागे आत पाणी गेलंच तर ते खालून बाहेर येऊन दिसू दे. सगळीकडून बंद केलं तर ते मुकाट्याने फळीत मुरत राहणार.

चाचणी. खाली काम चालू असलेल्या साइटवरून सिमेंटच्या दोन गोण्या, 50-50 किलो. दोर बारच्या मधोमध. खाली तेरा लिटर पाण्याची बादली बांधली, झाले 113. पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. आधी टाइलच्या सांध्यांवर पेन्सिलच्या रेषा काढल्या होत्या, कुठे सरकलंय का पाहायला. जागच्या जागी. मग बाहेर ओढायची चाचणी : मिस्त्रींनी भिंतीला पाय लावून पाठ मागे झोकून दिली. ते ऐंशीच्या पुढे आहेत, वजनाने. रेषा तिथेच. फोल्डिंग बारच्या टोकावर एक गोणी ठेवली. पाय लादीवर नीट टेकला, बैठक शांत.

सूनबाईंनी हे सगळं मोबाइलवर घेऊन न्यू जर्सीला पाठवलं.

सोमवार, 17 नोव्हेंबर

आजी काल घरी आल्या. आज फिजिओबरोबर बाथरूममध्ये पहिला प्रयोग, मला बोलावलं होतं. उजवा हात बारवर, डावा फोल्डिंगवर, उठल्या. उंची बरोबर. उभा बार मात्र त्या माझ्या अंदाजापेक्षा वर धरतात. बारचं वरचं टोक पोचलं म्हणून चाललं. फोल्डिंग बार वर करून ठेवायला जड जातो, तो कायम खालीच ठेवायचं ठरलं. सून आत शिरताना पायात येतो, पण इलाज नाही.

रबरी मॅट घेऊन ठेवली होती ती फिजिओनी काढायला लावली, कड पायात येते म्हणून. लादीला घसरणरोधक द्रव लावून घ्यायचा, तो पुढच्या आठवड्यात. रात्रीसाठी बाथरूमच्या बाहेर पायाच्या उंचीवर सेन्सरचा छोटा दिवा, वायरमन उद्या येईल.

"मिस्त्री, आता हा तरी निघणार नाही ना?" आजींनी विचारलं. मिस्त्रींनी त्यांना फोटोतली शिडी दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाल्या, "एवढं लोखंड? मी काय दहीहंडीला लटकणार आहे?"

सोमवार, 1 डिसेंबर

स्क्रू तपासले, एकही सैल नाही. सिलिकॉनच्या खालच्या कडा कोरड्या. बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे नाहीत.

भिंतीच्या आतल्या फोटोंचे प्रिंट आणि एक रेखाटन प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं : फळी कोपऱ्यापासून कुठून कुठपर्यंत, जमिनीपासून 24 ते 40 इंच, नळ्या कुठे, बंद केलेला पाइप कुठे, कपाटामागच्या प्लेटा कुठे. उंचवटा निघाला की बार खाली आणायला जो कोणी येईल त्याला चुंबक फिरवत बसायला नको. जुनी भोकं बंद करायला टाइलच्या रंगाचा इपॉक्सी ग्राउट लागेल. त्याचा शेड नंबरही त्याच कागदावर.

याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून विचारणा आली आहे. तिथे बोर्डाची भिंत नाही, कमोड दोन्हीकडून ब्लॉकच्या भिंतीत आहे आणि एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. आरपार बोल्ट चालणार नाही. बुधवारी पाहायला जायचंय.